चौथं कडवं

पांढुर्णा
२० नोव्हेंबर २०२४

सुमेध,

जय भीम. लिहायचा म्हणून लिहिला आहे. मनात काय आहे ते पुढे वाच.

सारखा फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर मी ओरडते, तू ‘हो आत्या, हो आत्या’ करतोस आणि फोन ठेवला की मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. आपला ढोलकीवाला मंगेश बोरगावला कारखान्यात जाताना सौंसरला तुझ्या दुकानात टाकेल. उत्तर त्याच्याच हाती पाठव. मला लेखी पाहिजे.

परवा सावरगावात आपल्या मंडळातल्या तृप्तीच्या शेजारी लग्न होतं. वरात निघाली आणि डीजेवर काय वाजावं? ‘उतर पाटी, बाई, उतर पाटी, मान तुझी नाही कुणाच्या ओझ्यासाठी.’ माझं गाणं! आवाज कुणा पुरुषाचा आणि खाली नुसता धडाम धडाम. नवरदेवाचे मित्र डोक्यावर संत्र्याचे रिकामे क्रेट घेऊन कंबर हलवत होते. ‘उतर’ म्हटलं की क्रेट खाली टाकायचा आणि त्याला लाथ मारायची. बायका बघून हसत होत्या. त्यातल्या निम्म्या स्वतः संत्रा तोडणीला जातात.

मी डीजेवाल्याला विचारलं, गाणं कुणाचं रे? म्हणाला, ‘नागपूरच्या वीरेंद्रचं हाय काकू. सद्या हेच चालून राह्यलं.’ तृप्ती म्हणाली, ‘काहीबी काय बोलतं बे? हे या शोभाताईचं हाय.’ तो हसला. ‘मंग काकू, तुमी बी रील टाका ना!’

त्याला दाखवायला तृप्तीनं तिथल्या तिथे फोनवर ‘जोडसूर’ उघडलं. आपलं गाणं नाही. त्या जागी एक ओळ: ही ध्वनिफीत दुसऱ्या कलाकाराच्या कृतीशी जुळत असल्याने काढण्यात आली आहे. म्हणजे भरवरातीत चोर कोण ठरलं, तर मी.

उन्हाळ्यात माझ्या ओसरीवर बसून तूच तीन जागा समजावल्या होत्यास. मोठ्या व्हिडिओच्या साइटवर टाकलं तर आपल्याला कोण बघेल, म्हणालास. फोनच्या ग्रुपवर टाकलं तर गाणं निनावी फिरतं, म्हणालास. आणि जोडसूर खास कलाकारांसाठी आहे, एकानं आवाज टाकायचा, दुसऱ्यानं आपल्या घरी बसून त्यावर आपला जोडायचा. ते मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू? अमृताला लेकरू सोडून बोरगावहून तालमीला येता येत नाही. ती स्वयंपाकघरात बसून गायली, मंगेशनं सावरगावातून ढोलकी जोडली. पण जागा तू निवडलीस.

आपल्या मंडळाची रीत तुला माहीत आहे. दुसऱ्या गावचं मंडळ गाणं न्यायला येतं, विचारतं, आपलं एखादं कडवं जोडतं आणि गातं. शेवटच्या कडव्याला मात्र कुणी हात लावत नाही, कारण त्यात शाहिराचं नाव असतं. तीच छाप. या गाण्याचंही चौथं कडवं आहे:

शालिकराम म्हणे, लेकी, आता नको भिऊ,
भीमानं दिली मान, ती खाली नको ठेवू.

वरातीत तीन कडवी झाली आणि गाणं पुन्हा धृपदावर गेलं. त्या वीरेंद्रनं माझ्या बापाचं नाव कापून फेकलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं नदीकाठी उभी राहून एकमेकांना दगड मारतात, पण निदान समोरून मारतात.

आता तू काय करणार आहेस ते लिही.

आत्या


सौंसर
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम. पत्र वाचलं. मंगेशदादा दुकानात आले तेव्हा दोन गिऱ्हाइकं लग्नाचा व्हिडिओ घ्यायला बसली होती. त्यांच्यासमोर दादा म्हणाले, ‘वाच बाप्पा, तुह्या आत्यानं आग पाठवली हाय.’ दुकानात हसू झालं.

आत्या, चोर तो आहे, मी नाही. मी वीरेंद्रचं गाणं ऐकलं. चाल तीच, शब्द तेच. त्यानं ते आपल्या नावानं तिथे नोंदवलं, आणि मग यंत्राला दोन सारखी गाणी दिसली. ज्याच्या नावाची नोंद आहे त्याचं ठेवलं, दुसरं काढलं. तिथे माणूस बसलेला नसतो. मी तक्रार लिहिली आहे.

पण जागा चुकली असं म्हणू नका. जोडसूर नसतं तर तुमचं गाणं पांढुर्णा आणि सावरगावच्या बाहेर गेलं असतं का? वर्षातून एकदा जयंतीला गायचं आणि पेटी बांधून ठेवायची, असंच चाललं होतं ना? आज नागपुरात लोकांना चाल पाठ आहे. चोरानं का होईना, ती पोचवली. तुम्हाला राग येणार हे माहीत आहे, पण हे पण खरं आहे.

तुम्ही काळजी करू नका, मी बघतो. आणि फोन उचला. आई विचारते, आत्यानं आमच्यावर पण राग धरला का?

तुमचा
सुमेध


पांढुर्णा
१ डिसेंबर २०२४

सुमेध,

तुझ्या आईवर माझा राग नाही. तिला सांग, तिचा मुलगा खोटारडा आहे, एवढंच.

तृप्ती ज्या दिवशी गाणं लागलं त्या दिवशी इतकी खूश होती की तिनं फोनच्या पडद्याचे फोटो काढून ठेवले होते. काल माझी अंगणवाडी सुटल्यावर मी तिच्याकडे गेले आणि ते सगळे फोटो चष्मा लावून वाचले. गाणंही तिनं उतरवून घेतलं होतं. ते लावलं.

तीन कडवी आणि धृपद. आपल्या गाण्यात, सुमेध! वीरेंद्रच्या नाही, आपल्या! मी माझ्या घरात दार लावून चौथं कडवं तीनदा गायले होते, कारण बाहेर सारखा ट्रॅक्टर जात होता. ते कुठे गेलं?

आणि खाली काय लिहिलं आहेस? ‘रचना: पारंपरिक.’ पारंपरिक! मी अजून जिवंत आहे, माझ्या गुडघ्याला तेल लावते आहे, आणि माझं गाणं पारंपरिक झालं?

आता शेवटचा फोटो. खाली त्या वीरेंद्रनं विचारलं आहे, ‘खूप छान. हे गाणं कोणाचं आहे?’ विचारलं होतं त्यानं. आपल्या रीतीप्रमाणे आधी विचारलं. आणि तू उत्तर दिलंस, ‘आपलं सगळ्यांचं, दादा’, पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. एका अनोळखी माणसानं छान म्हटलं आणि तू हुरळून माझं गाणं त्याच्या ओटीत टाकलंस. तो कसला चोर? त्याला तर घरातल्या माणसानं दार उघडून दिलं. आणि मी मेली इथे बसून त्याला शिव्या घालते आहे.

‘मी बघतो’ म्हणतोस. तू बघितलंस ते पुरे झालं.

कडवं का कापलंस ते लिही. गोल गोल लिहू नकोस.

शोभा


सौंसर
५ डिसेंबर २०२४

आत्या,

गोल लिहीत नाही. तुम्हाला राग येतो तसा मलाही येतो, तो आज लिहितो.

कडवं मी कापलं. जोडसूरवर नवीन माणसाला छोटीच फीत लावता येते. चार कडवी बसत नव्हती. पण मी पहिलं किंवा दुसरं कापू शकत होतो. चौथंच का कापलं ते ऐका.

गाणं लावताना ती जागा विचारते, रचना कुणाची? मी तुम्हाला तेव्हाच फोन केला होता. ‘आत्या, कोनाचं नाव टाकू?’ तुम्ही काय म्हणालात? ‘बाबाचंच टाक, आनखी कोनाचं?’ आणि फोन ठेवला, कारण दूध उतू जात होतं. मी आजोबांचं नाव टाकलं. पुढे विचारलं, रचनाकाराची संमती जोडा. आता आजोबांची संमती कुठून आणू? तुमचं नाव टाकावं तर गाण्यात साफ ऐकू येतं, ‘शालिकराम म्हणे’. त्या यादीत शेवटी एक शब्द होता, पारंपरिक. तो निवडला की काही विचारत नाही. मी तो निवडला आणि ज्या कडव्यात नाव होतं ते काढून टाकलं. चुकलं माझं. पण तुम्ही सांगा, मी काय टाकायला पाहिजे होतं?

आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली. गाण्यात ओळ आहे, ‘मुकादम मोजे क्रेट मोबाईलवरी, तुझी मोज कोण करी, सांग तरी.’ आजोबांनी आयुष्यात मोबाईल हातात धरला नाही! दर चौदा एप्रिलला नवीन गाणं येतं, लोक डोळे पुसतात, म्हणतात शालिकरामची लेखणी ती लेखणी. मी बाजूला उभा असतो. बाबा पण असतात, मान हलवत. तुम्ही स्टेजवर हात जोडून उभ्या. एकदा तरी म्हणालात का, मी लिहिलं म्हणून? स्वतः नाव लपवायचं आणि मग माझी कॉलर धरायची, नाव कुठे गेलं?

आता कामाचं. तक्रारीला उत्तर आलं. रचनाकार हयात नसेल तर त्याचे वारस दावा करू शकतात. आजोबांच्या मृत्यूचा दाखला आहे, आणि जुन्या स्मरणिकेत मंडळाच्या नावाखाली त्यांचं नाव छापलेलं आहे. बाबा आणि तुम्ही दोघं वारस. दोघांच्या सह्या झाल्या की गाणं घरी येतं. तुमच्या स्वतःच्या नावानं दावा केला तर पुरावा काय? गाणंच तुमच्या विरुद्ध साक्ष देतं.

सही पाठवा.

सुमेध


पांढुर्णा
९ डिसेंबर २०२४

सुमेध,

पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

दूध उतू जात होतं हे खरं आहे. मी ‘बाबाचंच’ म्हणाले हेही खरं आहे. तोंडातून तेच निघतं, कारण आजवर ते कुणी मला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तू विचारतोस, कधी म्हणालात का. म्हणाले होते. माझं लग्न व्हायचं होतं. जामसांवलीच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत कार्यक्रम होता. मी माझं पहिलं गाणं गायले आणि छाप घातली, ‘शोभा म्हणे’. पुढे बसलेल्यांतला एक जण ओरडला, ‘काय म्हनते शोभा? घरी भाकर कोन करून राह्यलं?’ सगळा मांडव हसला. बाबांनी पेटी थांबवली आणि म्हणाले, गाणं माझं आहे, पोरगी चुकून आपलं नाव बोलली. लगेच सगळे गप्प. तेच गाणं, तेच शब्द, पुन्हा म्हटलं तर टाळ्या. बाबांनी मला वाचवलं असं मी इतकी वर्षं धरून चालले. वाचवलंच असेल. पण त्या दिवसापासून ‘शोभा म्हणे’ माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढे मंडळच त्यांच्या नावाचं. बोलावणं यायचं तेही ‘शालिकरामचं मंडळ’ म्हणून. ते गेले तेव्हा वाटलं, आता नाव बदललं तर कोण बोलावेल? आणि तुझे बाबा, माझा सख्खा भाऊ वसंत, ज्याला धृपद आणि कडवं यातला फरक कळत नाही, तो मान हलवत राहिला.

तू लिहिलंस ते मला झोंबलं. झोंबायलाच पाहिजे होतं. पण त्यानं तुझी चूक धुतली जात नाही.

सही मिळणार नाही. आजवर बाबांचं नाव मी तोंडानं घेतलं. ते माझं मी घेतलं, कुणी कागदावर लिहून घेतलं नव्हतं. आता कागदावर सही करून म्हणू की हे माझं नाहीच? दावा करायचाच तर माझ्या नावानं कर. पुरावा मागितला तर म्हणावं, बाई जिवंत आहे, फोन करा, गाऊन दाखवेल.

तोपर्यंत थांब. मला न विचारता काही करू नकोस.

आत्या


सौंसर
१८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

जिंकलो!

आज सकाळी वीरेंद्रचं गाणं जोडसूरवरून निघालं आणि आपलं परत लागलं. आता मोठी फीत लावता येते, म्हणून या वेळी मी चौथं कडवं पण जोडलं. खाली मोठ्या अक्षरांत आलं आहे, रचना: शाहीर शालिकराम. बाबा सकाळपासून सगळ्यांना फोन दाखवत फिरून राहिले. चौकात मिठाई वाटली.

तुमच्या नावानं आधी दावा टाकला होता, शपथेवर सांगतो. तीन ओळींचं उत्तर आलं, ‘कृतीमध्ये अन्य रचनाकाराचे नाव आढळते.’ दावा फेटाळला. तुमचा फोन लागत नव्हता, पत्राला उत्तर नाही, आणि तिकडे रोज नवीन रील. एकानं तर त्या गाण्यावर सिमेंटच्या गोण्या उचलून दाखवल्या. किती थांबणार? एका वारसाची सही चालते असं कळलं. बाबांनी केली.

वीरेंद्रचा स्वतःहून फोन आला. माणूस वाईट नाही. म्हणाला, ‘भाऊ, मी विचारलं होतं ना.’ तुमच्यासोबत गायला तयार आहे. रमाई जयंतीला सौंसरमध्ये कार्यक्रम आहे, समितीनं मंडळाला बोलावलं आहे. पत्रिकेत छापणार, ‘उतर पाटी’ फेम शालिकराम भीमगीत मंडळ.

आता तरी फोन उचला. गाणं घरी आलं आत्या.

तुमचा
सुमेध


पांढुर्णा
२० जानेवारी २०२५

सुमेध,

गाणं घरी आलं नाही. तुझ्या बापाच्या घरी गेलं.

आधी तू ते सगळ्यांचं केलंस. मग माझ्या मेलेल्या बापाचं केलंस, तेही माझ्या जिवंत भावाच्या सहीनं. माझं करायला एवढं जड गेलं तुला? वीरेंद्रनं निदान विचारलं होतं. तुला मी लिहून कळवलं होतं की थांब. शाईनं लिहिलं होतं.

मिठाई वाटली म्हणे! मंगेशनं एक पेढा आणला होता. मी तो गाईला घातला.

दावा मागे घे. वीरेंद्रचं पुन्हा लागेल, लागू दे. लोक क्रेट डोक्यावर घेऊन नाचतील, नाचू देत. कुणाचंच नसलेलं गाणं मी उद्या माझं म्हणू शकते. बापाच्या नावानं शिक्का बसलेलं गाणं मला सात जन्मात परत मिळणार नाही. हे तुला कळत नसेल तर लॅपटॉप बंद कर आणि बाजारात कांदे विक.

रमाई जयंतीला मी येईन. बोलावणं मंडळाला आहे, तुला नाही. तुमच्या घरी उतरणार नाही, जेवणार नाही. तुझ्या बाबांना सांग, पुढे बसायचं असेल तर मान हलवू नका.

शोभा


सौंसर
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

दावा मी वीस तारखेलाच, पत्र मिळाल्या मिळाल्या मागे घेतला. तुमच्या धाकानं घेतला, पटलं म्हणून नाही. हे खरं सांगतो. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पटलं ते परवा.

तुम्ही स्टेजवरून मला बघितलं की नाही माहीत नाही. मी मागे, चहाच्या टेबलाजवळ उभा होतो. सगळी गर्दी ‘उतर पाटी’साठी आली होती. पोट्ट्यांनी क्रेट आणले होते. पहिल्या कडव्याला नाच, दुसऱ्याला नाच, तिसऱ्याला शिट्ट्या. मग सगळ्यांना वाटलं, झालं, आता धृपद. पोट्ट्यांनी क्रेट डोक्यावर घेऊन ठेवले. आणि तुम्ही चौथं कडवं काढलं. रीलमध्ये ते नसतंच, त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ‘शोभा म्हणे...’

‘शालिकराम’च्या जागी ‘शोभा’ म्हटलं की चालीत जागा रिकामी राहते. मला वाटलं ताल तुटला. तेवढ्यात मंगेशदादांनी त्या रिकाम्या जागेत एकच थाप मारली. म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं.

पुढच्या खुर्चीतले एक म्हातारे बाबाजी उठले आणि ओरडले, ‘शालिकराम म्हना बाई! मोठ्या मानसाचं नाव कापता काय?’ दोनचार जण हसले. माझे बाबा खाली बघत बसले. तुम्ही हातानं ढोलकी थांबवली आणि माइकमध्ये बोललात. ते मी रेकॉर्ड केलं आहे, शब्द न शब्द लिहितो:

‘शालिकराम माहा बाप. त्यानं मले सूर देल्ला, मी त्याचे पाय धरतो. पन हे गानं म्या लिवलं. याच्या आंधीची बी म्याच लिवली. तुमी टाया वाजोल्या त्या बी माह्याच गान्याले. ज्याले बाईच्या नावानं आयकाचं नसन त्यानं घरी जावं आन भाकर करावी.’

बायकांच्या बाजूनं आधी एक जण हसली. मग सगळा मांडव. पण हसू तुमचं झालं नव्हतं, त्या बाबाजींचं झालं होतं. तुम्ही पुन्हा गायलात. क्रेट घेतलेली पोट्टी तशीच उभी राहिली, नाचावं की ऐकावं त्यांना कळेना. एकानं हळूच क्रेट खाली ठेवला.

तुम्ही तशाच गाडीत बसून गेलात. आईनं डबा केला होता, तो तसाच राहिला.

माझ्याकडे सगळं रेकॉर्डिंग आहे. कुठेच टाकलेलं नाही. जोडसूर आहे, मोठी व्हिडिओची साइट आहे, मंडळाचा ग्रुप आहे, किंवा कुठेच नको. पहिले दोन प्रश्न सगळीकडे तेच येतात. रचना कुणाची? आणि दुसऱ्यांना आवाज जोडू द्यायचा का? दोन्ही जागा कोऱ्या ठेवून बसलो आहे.

तुम्ही सांगाल ते.

सुमेध


पांढुर्णा
१३ फेब्रुवारी २०२५

सुमेध,

तुला मी बघितलं होतं. चहाच्या टेबलामागे लपणारा तुझ्याशिवाय कोण असणार?

राग गेलेला नाही. तो इतक्यात जायचा नाही, तू वाट बघू नकोस. पण विचारलंस, म्हणून उत्तर देते.

पहिली तीन कडवी टाकूच नकोस. ती लोकांना पाठ आहेत. फक्त चौथं टाक आणि माइकवर बोलले तेही. तुझ्या त्या छोट्या फितीत ते बसतं. जोडसूरवर टाक, व्हिडिओच्या साइटवर टाक, ग्रुपवर टाक, वीरेंद्रलाही पाठव. म्हणावं, आता गा हे, बघू. जागा कोणतीही चालेल. आता जे काय आहे ते गाण्याच्या पोटात आहे, तुझ्या यादीत नाही.

रचना: शोभा. पुढे काही लावू नकोस. बापाचं नको, नवऱ्याचं नको, आडनाव नको. संमती मागितली तर हे पत्र लाव.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार होते, नाही. कुणाला जोडू द्यायचं नाही, पुरे झालं. तसं लिहायलाही बसले होते. तेवढ्यात मनकर्णाबाई आली. ती सौंसरच्या कार्यक्रमाला मागे बसली होती. जन्मभर संत्रा तोडणीला गेली, आता पाठीत वाक आला आहे. दारातच उभी राहून म्हणाली, ‘शोभाबाई, माहं बी एक कडवं हाय.’ मी म्हटलं, म्हण. तिनं म्हटलं. बागेतल्या पहिल्या दिवसाचं होतं, पोरवयातल्या. मी पोळी लाटत होते, हात थांबला.

मी म्हटलं, शेवटी छाप कुठे आहे? तर पदरानं तोंड झाकून म्हणते कशी, ‘शोभा म्हने, असंच घाला ना तुमी. माहं नाव कोन आयकन?’

सुमेध, मला असा राग आला! तुझ्यावर आला नव्हता एवढा आला. मी लाटणं आपटलं. म्हटलं, ‘तुहं नाव घालाचं असन तं बस, नाई तं कडवं घेऊन घरी जाय. माह्या नावाखाली कोनाचं काई राहनार नाई.’ ती बिचारी घाबरली, रडायला लागली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. तशीच बसवून ठेवली. बऱ्याच वेळानं ती भिंतीकडे तोंड करून गायली, ‘मनकर्णा म्हणे’. आवाज इतका बारीक की चुलीचा आवाज मोठा वाटत होता. मी म्हटलं, माझ्याकडे तोंड करून म्हण. मग म्हणाली.

तृप्ती तेव्हा माझ्याकडेच होती, तिच्या फोनमध्ये ते रेकॉर्ड केलं आहे, मंगेश घेऊन येतो आहे. ते पण टाक. तिचा सूर हलतो, मध्ये पोळी करपल्याचा वास आला म्हणून मी ‘अगं आई’ म्हटलं, तेही त्यात आलं आहे. असू दे. दुसऱ्या प्रश्नाला हो म्हण. पण ज्या बाईला जोडायचं असेल तिनं आधी आपलं नाव घ्यायचं, मग पुढचं.

आणि कात्री लांब ठेव. मनकर्णेच्या कडव्यातलं एक अक्षर कापलंस, तर पुढचं पत्र मंगेशच्या हाती पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.

वहिनीला सांग, रविवारी येते. डबा नको, ताट वाढ म्हणावं. तुझ्या बाबांनी समोर बसायचं.

शोभा